कोरी जीभ

तिखट न खाणाऱ्या माणसावर आमच्या घरमालकांचा विश्वास नव्हता. असा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर आतल्या गाठीचा, असं ते सरळ तोंडावर बोलायचे. बदली होऊन मी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत आले तेव्हा खोली शोधत आधी दोन घरं फिरले होते. दोन्हीकडं पहिल्यांदा आडनाव विचारलं आणि मग त्यांना आठवलं की खोलीचा शब्द आधीच कुणाला तरी दिलेला आहे. तिसरं दार यांचं. लुंगी-बनियनवरचा उंच, हाडकुळा म्हातारा ओट्यावर उकिडवा बसून लाल मिरच्यांची देठं मोडत होता. त्यांनी आडनाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. वर बघून म्हणाले, "बाई, तिखट खाता का?"

"खाते की."

"किती?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्यांनी घरात हाक दिली, "ऐकलं का वं, भाकर आन् ठेचा आन जरा." आतून एक बुटक्या, शांत चेहऱ्याच्या बाई ताट घेऊन आल्या. मी अर्धी भाकर खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण तांब्याला हात लावला नाही, कारण म्हातारा माझ्या हाताकडंच बघत होता. आम्हीही कुरुंद्याकडची माणसं, आमच्या घरी काही रोज साखरभात शिजत नाही. भाकर संपली तसं ते म्हणाले, "राहा." वर जाऊन मी खोलीत बुद्धाची मूर्ती ठेवली, सामान लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दोघांना काका-काकू म्हणायला लागले.

काकांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, दोन-तीन सुकलेल्या मिरच्या असायच्या. लग्नाच्या पंगतीत वरण-भात वाढला की ते खिशातून मिरची काढायचे, मिठाच्या खड्यासोबत चुरायचे आणि शेजारच्यालाही न विचारता थोडी वाढायचे. रस्त्यात कुणीही भेटो, रामराम झाला की पुढचा प्रश्न ठरलेला, "काय जेवलात?" नुसतं "जेवलो" म्हणून सुटका नव्हती. भाजी कोणती, फोडणी कशाची, रस्सा होता की कोरडी, सगळं सांगावं लागायचं. आमच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी फाटकाशी गाठून हेच विचारलं होतं. साहेब म्हणाले, "सूप." काका मला संध्याकाळी म्हणाले, "बाई, तुमचे सायब लई आजारी दिसून राहिले."

मला या माणसाचा कधीकधी फार वैताग यायचा. मी वर भाजी फोडणीला टाकली की खालून आवाज यायचा, "बाई, जिरं जळालं." जिरं खरंच जळालेलं असायचं, त्यामुळं राग दुप्पट यायचा. डबा घेऊन निघाले की जिन्यापाशी थांबवून झाकण उघडायला लावायचे. एकदा मी चिडून म्हणाले, "काका, मी भाडेकरू आहे, सून नाही." तर म्हणाले, "व्हय, सुनंचा डबा म्या उघडला असता का?"

सोयाबीन आणि हळदीची शेती होती, ती त्यांनी बटईनं दिलेली. मुलगी जिंतूरला दिलेली. घरात दोघंच. रविवारी मात्र अंगणात मेजवानी असायची. मटण-मासा घरात शिजवायचा नाही ही काकूंची रीत. तो अंगणातल्या चुलीवर, पुरुषानं करायचा, त्याचं पातेलंही वेगळं. काका सकाळपासून चुलीशी. वाटण मात्र काकूंच्याच हातचं. कडुलिंबाखाली पाटा-वरवंटा होता, मधोमध चांगला खोलगट झालेला, त्यावर काकू बसून मिरच्या, लसूण, खोबरं वाटायच्या. काका दर पाच मिनिटांनी येऊन बघायचे आणि म्हणायचे, "आनिक बारीक." काकू मान वर न करता म्हणायच्या, "तुमी वाटता का?" ते निघून जायचे.

काकू माहेरच्या रिसोडकडच्या, बोलायला कमी आणि तंबाखूच्या मिसरीला पक्क्या. ती मिसरीच त्यांना नडली. गालाच्या आत जखम झाली, ती बरी होईना, मग नांदेडच्या वाऱ्या सुरू झाल्या. रोग लवकर सापडला म्हणून ऑपरेशन वाचलं, पण किरणांचे शेक घ्यावे लागले. शेक संपवून त्या परत आल्या तेव्हा मी जिन्यावरून बघितलं. पोलकं अंगावर लोंबत होतं. तोंड आतून सगळं सोललेलं. पाणी पिताना डोळे मिटून घ्यायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिखट नाही, आंबट नाही, मऊ खा, दूध-अंडी-मासे खा. पुढच्या भेटीला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल. घरी आल्यावर काकू मला म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिनीले नळी घातली होती, बाई. ती नळीसकट गेली. मी न्हाई घालू देनार." आणि मग काकांकडं बघून, "तशी पाळी आली तं मले दवाखान्यात नेऊच नका."

काकांचं बोलणंच बंद झालं. गावात लोक भेटायचे, रामराम करायचे आणि पुढचा प्रश्न येईल म्हणून थांबायचे. प्रश्न यायचाच नाही. मला खालून जिरं जळाल्याचं कुणी सांगेना, आणि खरं सांगते, मला ते सहन होईना. मी एकदा मुद्दाम जाळलं. खाली शांतता.

त्यांना सगळा स्वयंपाक येत होता, बिनतिखटाचा तेवढा येत नव्हता. शिरा केला, खीर केली, दुधात भाकर कुस्करली. काकू दोन चमचे घ्यायच्या आणि वाटी सरकवायच्या. "गोड गोड खाऊन मळमळून राहिलं." अंडं उकडलं तर वास सोसेना. मऊ खिचडी केली तर म्हणाल्या, "याले चवच न्हाई." चव आणायची म्हणजे काकांना एकच रस्ता ठाऊक, आणि तोच बंद झालेला.

काकूंचा भाचा हैदराबादला एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. त्यानं एक दिवस व्हिडिओ पाठवला. गोऱ्या बाईनं सालमन नावाच्या माशाचा जाड तुकडा ओव्हनमध्ये भाजला होता आणि त्यावर लोण्याचा हिरवा रस ओतला होता. काट्यानं नुसतं टोचलं की माशाच्या पाकळ्या सुटत होत्या. काकांनी तो किती वेळा बघितला कोण जाणे. मग मोबाईल घेऊन वर आले. "बाई, इंग्रजीत काय म्हनून राहिली ती? यात मिरची कधी टाकती?"

"टाकतच नाही, काका."

"शेवटी तरी?"

"शेवटीही नाही."

ते पायरीवर बसले आणि पहिल्यापासून परत बघायला लागले. मी एकेक शब्द सांगत गेले. लोणी. लसूण. लिंबू, ते आपण वगळायचं, आंबट नको. एक पाला होता, तो आपला शेपूच निघाला. शेपू ऐकून काका पहिल्यांदा जरा हलले. "शेपू? तो तर बाजारात कुनी फुकट न्हाई घेत." दुसरा पाला आपल्याकडं मिळत नव्हता, त्याच्या जागी कोथिंबीर धरली.

भाच्यानं थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एक तुकडा ट्रॅव्हल्सनं पाठवला. काका पहाटे मोटारसायकलवर हिंगोलीला जाऊन तो घेऊन आले. डबा उघडला आणि काकू दारातून बघून मागं सरल्या. मासा लालसर होता. "तिखट लावून धाडलंय त्यानं," म्हणाल्या. काकांनी तो नळाखाली धरला. धुतला, परत धुतला, रंग जाईना. "बघ, त्याचाच रंग हाय, पानी पांढरं चाललं," असं सांगत ते धुतच राहिले. शेवटी मी म्हणाले, "काका, आता साबण लावता का?" तेव्हा थांबले.

त्यांनी केवढी काळजी घेतली. मटणाचं पातेलं घेतलंच नाही, नवं आणलं. चमचा नवा, सुरी नवी, ताटली नवी. पातेल्यात वाळू पसरली, वर ताटली ठेवली. भाजायला कागद हवा होता, तर शेतातून हळदीची पानं खुडून आणली, मासा त्यांत गुंडाळला आणि दोऱ्यानं बांधला. झाकणावर निखारे ठेवले. कच्चा लसूण झोंबेल म्हणून तो राखेत भाजून मऊ केला. घरच्या म्हशीचं लोणी वितळवलं. शेपू, कोथिंबीर आणि लसूण पाट्यावर वाटून त्यात कालवलं. सगळ्या अंगणात असा वास सुटला की कुंपणापलीकडून कुणीतरी विचारलं, "काय केलं हो आज?" काका वाकून पानांचा दोरा सोडत होते.

काकूंनी एक घास घेतला. जिभेवर ठेवला, थोडा हलवला आणि एकदम दोन्ही हातांनी तोंड धरलं. घास अंगणात गेला. कितीतरी वेळ त्या पाण्याच्या गुळण्या करत होत्या आणि मधेच कण्हत होत्या. मग शांतपणे काकांना म्हणाल्या, "तुमाले राहावलंच न्हाई न्. चिमूटभर टाकलीच."

"तुझी शपथ, न्हाई टाकली."

"मी होते ना इथं, काकू," मी म्हणाले. "नाही टाकली."

"तुमी बी त्यायच्याच," असं म्हणून त्या आत गेल्या आणि कूस बदलून पडल्या.

आम्ही दोघांनी तो रस चाटून बघितला. मला लोणी लागलं, शेपू लागला, तिखट कुठंच नाही. काकांनी तर वाटी पुसून खाल्ली. काहीच नाही. संध्याकाळी काका म्हणाले, "खोटं न्हाई बोलत ती. आमचीच जीभ मेलेली हाय. आमाला काय कळनार." रस न लागलेला, उरलेला मासा त्यांनी माझ्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लावला. मी कुरकुर केली, पण ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातल्या मिरच्या काढून भिंतीतल्या देवळीत ठेवल्या आणि जाहीर केलं की जीभ कोरी होईपर्यंत तिखट बंद. लोकांना आधी गंमत वाटली. मग लोक घाबरले. हा माणूस दूध-भात खातो, ताक-भाकर खातो, लग्नाच्या पंगतीत वरण-भात गुपचूप जेवून हात धुतो. एकानं तर मला शाळेत येऊन विचारलं, "बाई, म्हाताऱ्यालाबी तोंडाचं झालं का?" काकांचे हाल बघवत नव्हते. घामाघूम व्हायचे, चिडचिड करायचे, भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहायचे. मी वर ठेचा करणं बंद केलं, वास खाली जायला नको. तोवर काकू पातळ भाताच्या पेजेवर होत्या आणि नांदेडची भेट जवळ येत होती. म्हातारा वेड्यासारखा जिभेच्या मागं लागलाय, त्यापेक्षा नळीला काकूंचं मन वळवावं, असंही मला वाटायचं. बोलायची मात्र हिंमत झाली नाही.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली. "बाई, खाली या. साक्षीला." अंगणात ताटात सगळं मांडून ठेवलं होतं. हळदीचं पान, राखेत भाजलेला लसूण, लोणी, शेपूची काडी, कोथिंबीर, आणि माझ्या फ्रिजमधून काढून वाफवलेला माशाचा तुकडा. काका अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. एकेक जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, बराच वेळ थांबायचे. मग म्हणायचे, "पानात न्हाई." गुळणी. "लोन्यात न्हाई." गुळणी. माशाचा तुकडा खाल्ला तेव्हा काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "माशात न्हाई," काका त्यांच्याकडं बघून म्हणाले. "बिचारा नुसता रंगानं लाल हाय."

ताट संपलं. काही सापडलं नाही. काका ताटाकडं बघत बसले. मग त्यांची नजर हळूहळू कडुलिंबाखाली गेली. ते उठले, पाट्यावर तांब्याभर पाणी ओतून तो घासून धुतला, कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवल्या आणि वरवंटा फिरवला. ते हिरवं बोटावर घेऊन जिभेला लावलं.

त्यांचे कान लाल झाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ज्या माणसानं माझ्यादेखत ठेच्यावर कधी पाणी घेतलं नव्हतं, त्यानं तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. "पाट्यात हाय," म्हणाले. "दगडात मुरलीय." मग काकूंना म्हणाले, "तू नांदायला आली तवापासून याच्यावर मिरच्याच वाटल्या तू. म्याच वाटायला लावल्या. सगळं नवं आनलं, आन् पाट्याला भांडं समजलोच न्हाई."

काकू दारातून पाट्याशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. म्हणाल्या, "म्हंजे तुमी टाकली नव्हती."

"न्हाई."

"मंग दुसरा मासा आना."

मला एवढं हलकं वाटलं की मी तिथंच पायरीवर बसून हसायला लागले. सालमन परत मागवायला वेळ नव्हता. काकांनी येलदरीच्या धरणावर जाऊन मरळ आणला. मरळाला काटा कमी, आणि जो असतो तो काकांनी बोटांनी चाचपून एकेक काढला, दोनदा तपासला, मग मलाही तपासायला लावला. परत वाळू, परत हळदीची पानं, परत निखारे. पाला या वेळी नव्या सुरीनं, नव्या फळीवर, इतका बारीक चिरला की वाटल्यासारखाच झाला. लोण्यात तो सोडला, वर मीठ. ओतायच्या आधी काकांनी स्वतः चाखलं, आणि त्या कोऱ्या जिभेवर बराच वेळ धरून ठेवलं. मग मान हलवली.

काकूंनी पहिला घास घेतला. आम्ही दोघं त्यांच्या हाताकडं बघत होतो, तोंडावर हात जातोय का ते. हात मांडीवरच राहिला. त्यांनी गिळलं, थांबल्या, परत ताटलीकडं हात नेला. "शेपू लई टाकला," म्हणाल्या, आणि खात राहिल्या. एवढ्या आनंदानं मी आयुष्यात कुणी नावं ठेवलेली ऐकून घेतली नाहीत.

त्यानंतर रोज मरळ, नाहीतर लोण्यातलं अंडं, नाहीतर त्याच हिरव्या लोण्यात कुस्करलेला मऊ भात. आता माझी वसमतला बदली झालीय, पण फोन झाला की काका अजून विचारतात, काय जेवलात. तिखट परत सुरू केलंय त्यांनी, पूर्वीएवढं झेपत नाही म्हणे. "जीभ एकदा कोरी झाली की लई लाडावते," अशी तक्रार करतात. तेव्हा मात्र नांदेडची भेट आली तोवर आम्हाला कुणालाच खात्री नव्हती. चार घास खाल्ले म्हणून वजनाचा काटा पुढं सरकतोच असं नाही. काका धोतर-सदरा-टोपी घालून निघाले. काकूंनी निघताना देवापुढं डोकं टेकवलं आणि मला म्हणाल्या, "नळी म्हनले तं मी तिथूनच पळून येईन." त्या गमतीनं बोलत नव्हत्या.

शनिवार होता, शाळा सकाळची. मी दुपारपासून ओट्यावर बसून होते. जीप गेली, दुसरी आली, तीही गेली. ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघं रस्त्याच्या वळणावर दिसले. काकू पुढं होत्या, पदर डोक्यावर. काका मागं, मान खाली घालून. मी उठून उभी राहिले.

काकूंच्या नाकावर काही नव्हतं. त्या ओट्याशी आल्या, चपला काढल्या आणि खांबाला धरून बसल्या. काका अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "बाई," म्हणाले, "डाक्टर म्हनले," आणि तिथंच अडकले. टोपी काढली, परत घातली. "डाक्टर म्हनले, वजन वाढलं... नळीची काही..." मग हा एवढा उंच माणूस आम्हा दोघींदेखत, कुंपणापलीकडच्यांदेखत, मटकन खाली बसला आणि लहान लेकरासारखा मोठ्यानं रडायला लागला. मलाही आवरलं नाही. मी खांबामागं तोंड घेतलं.

काकूंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "मले लई भूक लागली. तुमचं रडून झालं की चूल पेटवा."

काका तसेच रडत रडत उठले आणि तुराट्या मोडायला बसले.